शेडचे वेगळे

भोसरीच्या एमआयडीसीत रविवार गुरुवारी येतो. आठवड्याची सुट्टी ती. मशिनं बंद, शटरं अर्धी ओढलेली आणि भिंतींना शिड्या लागलेल्या. कंपनीचं नाव ताजं करायचं असो, ‘विनापरवाना प्रवेश बंद’ लिहायचं असो, की विजेच्या खोलीच्या दारावर कवटी आणि दोन हाडं काढायची असोत, काम निघायचं गुरुवारीच. त्यामुळे आमच्या चाळीच्या तोंडाशी पत्र्याचं दुकान असलेले पेंटरकाका गुरुवारी कधी कुणाला सापडले नाहीत. रविवारी मात्र ते दुकानात छोटे बोर्ड करत बसायचे. वडील एस ब्लॉकमध्ये लेथवर, म्हणजे रविवारी कामावर, आई धुण्यात, आणि शाळेला सुट्टी असलेली मी काकांच्या दाराशी, ऑइलपेंटच्या उलट्या डब्यावर.

काका मूळचे माण तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळानंतर थोरला भाऊ टेल्कोत लागला, त्याच्या मागोमाग हे आले. भावाला कंपनीनं घेतलं, ह्यांना नाही. गावात बैलगाड्या रंगवायचा हात होता, त्यावर पोट भरलं. त्या काळात पिंपरी-चिंचवडमध्ये रोज एक तरी शेड उभी राहत असावी असं त्यांच्या बोलण्यावरून वाटायचं, आणि शेड उभी राहिली की नाव आलंच.

बोर्डाचा भाव अक्षराच्या उंचीवर, इंचाच्या हिशेबात ठरायचा. गिऱ्हाईक घासाघीस करून तो खाली आणायचं. काका ‘बरं’ म्हणायचे, पुन्हा ‘बरं’ म्हणायचे, आणि गिऱ्हाईक उठायला लागलं की ब्रश फडक्याला पुसत, त्याच्याकडे न बघता म्हणायचे, “शेडचे वेगळे.”

शेड म्हणजे अक्षराची सावली. काकांच्या हातची शेड साधी नसायची. आधी ते खडूनं सूत मारून अक्षरं आखून घ्यायचे. मग सगळ्यांत लांबची शेड, करड्या रंगात, पातळ हातानं. ती वाळली की त्याच्यावर जवळची शेड, काळी. सगळ्यांत शेवटी लाल अक्षर. आणि अक्षर अन् काळी शेड ह्यांच्यामध्ये दोऱ्याएवढी जागा कोरी सोडायची. ती जागा सुटली की अक्षर भिंतीपासून दोन बोटं पुढं येऊन उभं राहायचं. मी त्या फटीत बोट घालायला गेले होते एकदा, ओल्या रंगात. मार बसला नाही. काकांनी टर्पेंटाइननं बोट पुसून दिलं आणि फट पुन्हा काढली.

इंग्रजी अक्षरांना ते शेड डावीकडे खाली द्यायचे, मराठीला उजवीकडे. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, “मराठीत काना आसतो. कान्याची उजवी कड सरळ. ब्रश एका दमात खाली येतो. डावीकडनं दिली तर शेड अक्षराच्या पोटात जाती, मग प कुठला अन् ष कुठला?” पुढे कितीतरी वर्षांनी मी देवनागरी फॉन्ट घेऊन पडद्यावर दोन्ही बाजूंनी सावली देऊन बघितली. प, म, स, न, साऱ्यांचा दांडा उजव्या कडेला. त्याच्या पलीकडे पुढच्या अक्षरापर्यंत मोकळी जागा असते, आणि सावलीला तीच हवी असते.

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस काकांना जेवायला फुरसत नसायची. खंडेनवमीला शॉपमध्ये मशिनांची पूजा होते, पेढे वाटतात, कामगारांच्या घरची माणसं येतात. त्या दिवशी दारावरचं नाव फिकं दिसलेलं कुठल्याच मालकाला चालत नसे. त्या पंधरा दिवसांत मी त्यांचे ब्रश धुऊन द्यायची. बदल्यात एक वही बघायला मिळायची. तिच्यात वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती कापून चिकटवलेल्या असायच्या, बहुतेक कमल शेडग्यांच्या अक्षरांतल्या. नाटकं काकांनी बघितलेली नव्हती. त्यांना नाटकाचं नाव माहीत असायचं, आणि ते नाव कसं उभं आहे हे.

एक वाक्य ते मला दर रविवारी ऐकवायचे. मी पाटीवर काही गिरवायला घेतलं की लगेच: “उजेड कुठनं येतोय ते आधी ठरीव.”

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला कधी बरं वाटलेलं नाही. २००३ साली बारावी झाल्यावर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि रस्त्यापलीकडच्या फ्लेक्सच्या दुकानात लागले. त्याचं नाव सांगत नाही. तिथं कोरल ड्रॉ होतं, श्री-लिपी होती, आणि अक्षराला सावली देणारं एक बटण होतं. माउसनं ओढलं की सावली. मऊ कडांची, हव्या त्या रंगाची, वाळायची वाट न बघता. शेडचे वेगळे पैसे आमच्या दुकानात कुणी लावत नव्हतं; लावले असते तर गिऱ्हाईक हसलं असतं. वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांची उद्घाटनं, नवरात्र मंडळं. वर्षभरात काकांकडे जाणारी निम्मी माणसं आमच्याकडे यायला लागली. माझा पहिला पगार त्यातून झाला. मी तो आईच्या हातात दिला, पेढ्यांचा पुडा घेऊन काकांकडे गेले, आणि त्यांनी पेढा खाल्लाही.

ते एकदाच आमच्या दुकानात आले. दारावर मी केलेला एक मोठा फ्लेक्स वाळत नव्हे, नुसताच टांगलेला होता. काका त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी मनाला लागेलसं बोलणार. ते म्हणाले, “वरच्या वळीची सावली उजवीकडं पडलीय, खालच्या वळीची डावीकडं. दोन सूर्य हायत व्हय गं?” आणि गेले.

मी मालकाला न विचारता फ्लेक्स उतरवला आणि दुरुस्त करून पुन्हा छापला. दुसऱ्या प्रिंटचे पैसे पगारातून कापले गेले.

वेबपानांकडे मी २००७ च्या सुमाराला वळले, चिंचवडमधल्या एका तीन खोल्यांच्या ऑफिसात. तेव्हा पडद्यावर सावली पाडणं हा अक्षरशः कात्रीचा उद्योग होता. बहुतेक ब्राउझरांना स्वतः सावली काढता येत नसे, म्हणून ती फोटोशॉपमध्ये करायची, मग तिचे तुकडे कापायचे: चार कोपरे, चार कडा, मधला भाग. हे नऊ तुकडे वेबपानावर पुन्हा जोडायचे. मजकूर वाढला की चौकट वाढायची आणि तुकड्यांच्या सांध्यात फट दिसायची. ही फट काकांच्या फटीसारखी मुद्दाम सोडलेली नव्हती.

मग ‘बॉक्स-शॅडो’ आली, ब्राउझरनं स्वतःच काढलेली चौकटीची सावली. २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ निघाला, त्यात ती चालायला लागली. सफारीत त्याच्या आधीपासून होती. एकच गोष्ट दोनतीनदा लिहावी लागे, फायरफॉक्सच्या मोझिलासाठी वेगळा उपसर्ग, सफारीच्या वेबकिटसाठी वेगळा, आणि इंटरनेट एक्स्प्लोररला २०११ मध्ये नववी आवृत्ती येईपर्यंत ती कळतच नव्हती. तरी ती फायरफॉक्समध्ये पहिल्यांदा चालली त्या दिवशी आम्ही ऑफिसात वडापाव मागवले होते.

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वेबपानावरची प्रत्येक वस्तू ब्राउझरच्या लेखी एक चौकट असते. तिच्या सावलीसाठी काही आकडे द्यायचे: आडवी किती सरकवायची, खाली किती, कडा किती विरघळवायच्या, मूळ चौकटीपेक्षा किती फुगवायची किंवा आक्रसायची, शेवटी रंग. ‘इनसेट’ हा शब्द जोडला की सावली बाहेर पडण्याऐवजी आत पडते, चौकट खोदल्यासारखी दिसते. शाळेतल्या आलेखाच्या उलट इथं उभा आकडा वाढला की सावली खाली उतरते. आणि ही सावली जागा खात नाही. शेजारच्या चौकटीला ती ढकलत नाही, तिच्या अंगावर खुशाल पडते.

पहिल्याच आठवड्यात मला एका सावलीवर समाधान होईना. एकच मऊ सावली दिली की चौकट धुक्यात तरंगल्यासारखी दिसते. एकच कडक दिली की पुठ्ठ्यासारखी. काकांची करडी आणि काळी मला माहीत होतीच. म्हणून मी ‘बॉक्स-शॅडो’ची एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली दुसरी. पानावर एकच सावली दिसली, दुसरी. ओळी उलट्या केल्या, तर पहिली दिसली. दुपार गेली त्यात. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, एकाच गोष्टीबद्दल दोनदा सांगितलं तर नंतरचं सांगणं आधीचं पुसून टाकतं, ही ह्या भाषेची पहिली इयत्ता. पण सावल्या म्हणजे रंगाचे हात असं माझ्या डोक्यात बसलेलं, आणि एक हात दुसऱ्याला पुसतो हे पटत नव्हतं. उपाय निघाला तो एवढासा: ओळ एकच ठेवायची, आणि एका सावलीचे आकडे संपले की स्वल्पविराम देऊन पुढच्या सावलीचे द्यायचे. दोन, चार, दहा, हव्या तितक्या.

त्या संध्याकाळी मी तीन सावल्यांची चौकट केली. पहिली एक पिक्सेल खाली, जेमतेम विरघळलेली, गडद. दुसरी चार पिक्सेल खाली, फिकट. तिसरी सोळा पिक्सेल खाली, बत्तीस पिक्सेल पसरलेली, जवळपास अदृश्य. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाची सावली नीट पाहिली तर अशीच असते: कडेला चिकटलेली रेघ काळी, आणि लांब जाईल तसतशी ती पातळ होत विरते. गुगलनं २०१४ मध्ये मटेरियल डिझाइन आणलं तेव्हा त्यांनीही पडद्यावरच्या कागदाला दोन उजेड मानले, एक ठरावीक दिशेचा आणि एक सगळीकडून येणारा, आणि त्यांच्या वेगवेगळ्या सावल्या. ते वाचताना मला पत्र्याच्या दुकानातला टर्पेंटाइनचा वास आला, हे मी त्या वेळी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही.

फट मात्र जमेना. काकांनी अक्षर आणि शेड ह्यांच्यामध्ये सोडलेली दोऱ्याएवढी कोरी जागा मला एका मराठी मथळ्यात हवी होती. अक्षरांसाठी ‘टेक्स्ट-शॅडो’ असते. तिला फुगवणं-आक्रसणं नाही, ‘इनसेट’ नाही, पण स्वल्पविराम चालतो. सीएसएसला जागा सोडता येत नाही. ती रंगवून मोकळी करावी लागते. म्हणजे एक सावली दोन पिक्सेल उजवीकडे-खाली, पार्श्वभूमीच्याच रंगात. आणि तिच्यामागे दुसरी, चार पिक्सेल, काळी. पार्श्वभूमीच्या रंगाची सावली काळीचा काही भाग झाकते, आणि तेवढी फट दिसते. मी काकांच्या क्रमानं लिहिलं: आधी लांबची काळी, मग जवळची. फट गायब. नुसता काळा ढिगारा.

क्रम उलटा होता. आजच्या सीएसएसमध्ये यादीतली पहिली सावली सगळ्यांत वर असते आणि शेवटची सगळ्यांत खाली. काका मागून पुढं यायचे, करडी, काळी, अक्षर. ही भाषा पुढून मागं जाते. तेव्हापासून मी सावल्यांची यादी शेवटाकडून वाचते. माझ्या हाताखालच्या पोरांना ती सवय विचित्र वाटते.

गंमत अशी की सुरुवातीला काकांचाच क्रम होता. ‘टेक्स्ट-शॅडो’ पहिल्यांदा १९९८ च्या सीएसएस २ मध्ये आली, आणि तिथं सावल्या लिहिलेल्या क्रमानं एकीवर एक चढायच्या. मग सीएसएस २.१ मध्ये ती काढूनच टाकली. पुढं परत आणताना क्रम उलटा केला, आणि नव्या नियमपुस्तकात तसं नोंदवूनही ठेवलं, की हा क्रम १९९८ च्या उलट आहे. हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे मी ब्रश धूत बसले होते त्याच सुमाराला, जगाच्या दुसऱ्या टोकाला, कुणीतरी सावल्या काकांच्या पद्धतीनं चढवायचा नियम लिहीत होतं.

चाकणचं काम २०१६ मधलं. महाळुंग्याकडच्या एका शेडमध्ये गाड्यांचे सुटे भाग व्हायचे. तिथं प्रत्येक लाइनच्या टोकाला टच-पॅनल बसवायचं होतं: किती नग झाले, किती रिजेक्ट, मशीन कशामुळं बंद. पॅनलवर उघडणार होतं ते साधं वेबपानच, आणि ते माझ्याकडे होतं. भोसरीहून मोशी, इंद्रायणीचा पूल, कुरुळी, आणि मग चाकणच्या तळेगाव चौकात ट्रेलरांच्या मागं तासभर. त्या तासात मी पडद्याची चित्रं डोक्यात अनेकदा पुसली.

ऑफिसात ते पान देखणं होतं. पांढऱ्यावर पांढऱ्या चौकटी, फक्त सावल्यांनी उठलेल्या. बसवल्यावर पहिल्याच पाळीत एका ऑपरेटरनं हातमोज्यानं पडद्यावरची धूळ पुसली, खालीवर पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, दाबायचं कुठं?”

त्याचं बरोबर होतं. छताला दिव्यांच्या रांगा, त्यांची झळक पडद्यावर, पॅनल स्वस्तातलं, वर तेलकट धुळीचा थर. माझी बत्तीस पिक्सेलची नाजूक सावली तिथं पोहोचलीच नव्हती. शिवाय माझ्या टीममधल्या एका मुलानं ‘मशीन बंद’चा तक्ता वेगळा केला होता, त्याच्या सावल्या डावीकडे पडत होत्या. मी त्या शेडमध्ये उभी राहून मोठ्यानं म्हणाले, दोन सूर्य आहेत का रे? मुलगा गोंधळून छताकडे पाहायला लागला, आणि खरोखर तिथं पन्नास तरी दिवे होते.

आणखी एक. त्या पॅनलमागचा कॉम्प्युटर जुना होता. यादी वरखाली सरकवली की पान अडखळायचं. शोधलं, तर कारण माझ्या सावल्या. कडा विरघळवणं हे ब्राउझरला हिशेबाचं काम असतं. जितकी सावली पसरट, जितक्या चौकटी आणि जितके स्वल्पविराम, तितका हिशेब जास्त, आणि चित्र बदललं की तो पुन्हा. फुकट आहे म्हणून मी प्रत्येक ओळीला तीन-तीन सावल्या वाटल्या होत्या.

मी उजेड ठरवला. शेडमध्ये तो वरून येतो, तर सगळ्या सावल्या सरळ खाली. तक्त्याच्या ओळींची सावली काढून टाकली, तिथं नुसती रेघ. सावली फक्त बटणांना. दोनच: एक जवळची, जवळपास काळी, कडक कडेची, दुसरी तिच्यामागं, थोडी पसरलेली, करडी. बोट टेकलं की दोन्ही जाऊन ‘इनसेट’ सावली आत पडायची, म्हणजे बटण पॅनलवरच्या खऱ्या बटणासारखं खाली बसल्याचं दिसायचं. सावल्यांचे आकडे एका जागी ठेवले, म्हणजे कुणालाही दुसरा सूर्य उगववता येऊ नये. दुसऱ्या दिवशी त्याच ऑपरेटरनं काही न विचारता बटण दाबलं. मला कुणी शाबासकी दिली नाही. दाबायचं ते दिसलं तर त्यात सांगण्यासारखं काय असतं.

परत येताना मी भोसरीत उतरले. काकांचं पत्र्याचं दुकान केव्हाच गेलं होतं. तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. ते स्वतः माणमध्ये भावाच्या वाटणीशेजारी घर बांधून राहिले होते. पण मागच्या गल्लीत एका बंद शेडवर त्यांचा बोर्ड होता. लाल अक्षरं उन्हानं पार उडालेली, कोऱ्या पत्र्याशी एक झालेली. काळी शेड तशीच. नाव मी सावलीवरून वाचलं. सोडलेली फट आणि उडालेलं अक्षर आता एकाच रंगाचे होते, तरी काना कुठं संपतो ते कळत होतं.

रात्री फोन केला. त्यांना ऐकू कमी यायला लागलेलं, त्यामुळं सगळं दोनदा सांगावं लागलं. पडदा म्हणजे काय, बटण म्हणजे कसलं, सावली आकड्यांनी कशी पडते. क्रम उलटा करतात हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हंजे आधी अक्षार, मग शेड? येड्यागत. लिवणाऱ्यानं हातात ब्रश धरला नसंल कधी.” मी म्हटलं, आधी तुमच्यासारखंच होतं काका, नंतर बदललं. ह्यावर त्यांना बरं वाटलं असावं. मग मी त्यांच्याशी फ्लेक्सच्या दुकानाबद्दल बोलायला गेले, तेरा वर्षांनी. वाक्य निम्म्यात होतं तोवर त्यांनी विचारलं, “किती मिळालं त्या चाकणवाल्यांकडनं?”

मी आकडा सांगितला.

“त्यात शेड धरून?”

“धरून.”

पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“वेगळं लावायचं गं,” काका म्हणाले.